वेसाव्याच्या बांधावरचे शिरवाळे

माझ्या उजव्या हाताची तर्जनी वाकत नाही. ती कायम ताठ असते, त्यामुळे मी सतत कुणाला तरी काहीतरी दाखवतेय असं लोकांना वाटतं. रस्त्याच्या कडेला नुसती उभी राहिले तरी रिक्षा थांबतात. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पदर सावरायला हात वर केला, तर सेक्रेटरी म्हणतात, "बोला काकू, तुमचा काय आक्षेप?" आक्षेप माझ्याकडे असतोच, तो मी नोंदवून घेते.

हे बोट घालवलं बावीस वर्षांच्या एका बयेने. ती बया मीच, पण तिची-माझी आता फारशी ओळख राहिलेली नाही, त्यामुळे तिच्याबद्दल वाईटसाईट बोलायला मला अजिबात संकोच वाटत नाही.

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत शर्ट शिवायच्या एका कारखान्यात ती कॉलर लावायची. केसांत अबोलीचा गजरा, साडीला मॅचिंग टिकली, आणि डोक्यात पक्का समज की अख्खा कारखाना आपल्याकडेच बघतोय. विशेषतः मशीन दुरुस्त करणारा मेकॅनिक. एवढ्या बायकांची मशीनं सोडून तो सारखा हिच्याच मशीनपाशी यायचा. उकिडवा बसायचा, बॉबिन काढायचा, फुंकर मारायचा, परत बसवायचा. हिला वाटायचं, काय बाई एकेक निमित्तं काढतो! एक दिवस तो पलीकडच्या रांगेत दुसरीच्या मशीनपाशी बसला. ही मान वाकडी करून बघत राहिली, पाय पायडलवर तसाच, आणि सुई बोटातून आरपार. तो पक्कड घेऊन धावत आला. "हलू नका," म्हणाला. आजूबाजूच्या बायका किंचाळत होत्या, आणि ह्या बयेने सुई बोटात असताना त्याला विचारलं, "तुम्ही राहता कुठे?"

दिंडोशीला राहायचा. अजून तिथेच राहतो, आता माझ्यासकट.

तर ह्या बोटाची आणि मासे धरण्याची गोष्ट सांगायची आहे.

आमच्या घरात गरवायचा, म्हणजे गळाने मासे धरायचा, नाद आला तो वन्संकडून. वन्सं म्हणजे ह्यांची मोठी बहीण. लहानपण मालवणच्या बाजूला गेलेलं, लग्न होऊन मुंबईला आल्या, यजमान गेल्यावर आमच्याच कॉलनीत शेजारच्या इमारतीत राहायला आल्या. त्यांच्याकडे रॉड नाही, रील नाही. पाण्याच्या रिकाम्या बाटलीला तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, गुंडाळलेला, टोकाला गळ, गळाला कोळंबी. झालं. तंगूस तर्जनीवरून सोडायचा आणि गप्पा मारत बसायचं. मासा चावला की बोटाला कळतं. माझ्या बोटाला मात्र काही कळत नाही. उद्या कुणी त्यावर कंदील टांगला तरी कळणार नाही. म्हणून हातगळ माझ्या नशिबात नव्हता.

ह्यांनी निवृत्त झाल्यावर एक दणकट रॉड आणला. त्यावर वर बसणारं रील होतं. रीलं दोन जातींची असतात हे मला तेव्हा कळलं. एक रॉडच्या खाली लटकतं, त्यात फेकताना दोरा तर्जनीने धरून ठेवावा लागतो. म्हणजे मी बाद. दुसरं रॉडच्या पाठीवर बसतं, त्याला पोरं बेटकास्टर म्हणतात. त्यात सगळं काम अंगठ्याचं. दोऱ्याच्या फिरकीवर अंगठा ठेवायचा, फेकताना सोडायचा, थांबवायची वेळ आली की परत टेकवायचा. अंगठा माझा ठणठणीत आहे. मग तो रॉड ह्यांचा राहिला नाही.

आता आणखी एका बयेबद्दल बोलते. ही जरा अलीकडची, साठी ओलांडलेली, पण अक्कल बावीसच्याच हिशोबाने. हिने इंटरनेटवरून एक जाकीट मागवलं, ज्याला इतके खिसे होते की एकदा त्यात ठेवलेला बटाटेवडा आठवड्याने वासावरून सापडला. डोक्यावर मोठी टोपी, मानेवर फडकी लोंबणारी. अर्ध्या बोटांचे हातमोजे. डोळ्यांवर तो आरपार पाणी दाखवणारा चष्मा, ज्यातून मढच्या समुद्रातलं पाणी फक्त जास्त मळकट दिसायचं. अशा थाटात ही बाई वर्सोव्याहून फेरीबोटीने मढला जायची, खडकांवर उभी राहून गळाला बांधलेलं मूठभर शिसं भिरकावून द्यायची आणि मासा सोडून सगळं ओढून आणायची. तुटकी जाळी, नारळाची करवंटी, एकदा तर एक आख्खी उशी. वन्सं मागे बसून बघायच्या.

"काय गो, गादी कधी काढतलंस?"

"वन्सं, माणसाला उमेद द्यावी."

"दिली की. उशी दिली देवान, आता निजान जा."

त्याच खडकांवर शेवाळावरून ही पडली. पाय वर, टोपी पाण्यात, आणि माकडहाडाला चीर. पुढे कितीतरी दिवस मी मधे भोक असलेल्या हवेच्या उशीवर बसून जेवले. घरी येणारा प्रत्येक जण आधी त्या उशीकडे बघायचा आणि मग माझ्याकडे, आणि मी सांगायच्या आत ह्यांचं सांगून झालेलं असायचं.

आमची एकुलती एक मुलगी मुलुंडला राहते, कामाला अंधेरीत. ती आली ती निकाल लिहूनच.

"आई, खडकांवर जाणं बंद."

"मग मी काय करू? भजनी मंडळ?"

"बाकीच्या बायका जातात ना."

"बाकीच्या बायकांना मासे धरायची आवड नाही."

"तुलाही कुठे मिळतात? एक दाखव मला."

बाप शेजारी बसून पेपर वाचत होता. एरवी तो पेपर दहा मिनिटांत संपतो. त्या दिवशी जाहिरातींसकट वाचला.

मी कबूल केलं. खडक बंद. हाड भरून आलं, चालायला लागले, आणि एके सकाळी दातांच्या डॉक्टरकडे जाते म्हणून निघाले. रॉडचे दोन तुकडे योगासनांच्या चटईत गुंडाळून घेतले होते. फेरीबोटीच्या रांगेत उभी होते तेवढ्यात लेकीचा फोन. "काय म्हणाले डॉक्टर?" मी म्हटलं, "अगं, नंबर लागायचाय." आणि माझ्या कानाशी फेरीबोटवाला खच्चून ओरडला, "मढ मढ मढ मढ! चला पटापट!"

मग लेक म्हणाली, "दात काढायला मढला पाठवतात का गं आता?"

त्या संध्याकाळी तिने अट घातली. वर्सोव्याच्या जुन्या वेसावे गावाला लागून खाडीचा सिमेंटचा बांध आहे. होड्या बांधलेल्या असतात, समोर तिवरं, खाली उतरायला पायऱ्या. बसायला जागा, पडायला वाव नाही.

"तिथे बस," लेक म्हणाली. "पण मला माहितीये, तिथे तुला काही मिळालं नाही की तू परत मढला पळणार. म्हणून आत्ताच ठरवू. गटारीपर्यंत ह्या बांधावरून एक मासा धर. स्वतः. आत्याने धरलेला चालणार नाही, बाबांनी धरलेला चालणार नाही. धरलास, तर बांधावर वर्षभर बस, मी एक शब्द बोलणार नाही. नाही धरलास, तर रॉड मी मुलुंडला घेऊन जाते. कायमचा."

"आणि मी?"

"तू घरी. कोरडी."

हे कोरडी राहणं मला परवडणारं नव्हतं. घरात मी आजी असते, आई असते, फोनवर ओटीपी सांगणारी असते, बीपीची गोळी घेतली का असं जिला विचारतात ती असते. पाण्याशी उभी राहिले की मला कुणी काही विचारत नाही. मासा तर नाहीच विचारत. इतक्या वर्षांत कुणी आपल्याकडे लक्ष देऊ नये असं वाटायची जागा मला सापडली होती, आणि ती सुटणार होती. बावीसच्या बयेला हे पटलं नसतं. तिला सगळ्यांचं लक्ष हवं होतं.

आता अडचण ऐका. बांधाजवळचा मासा खडकांवरच्या माशासारखा नसतो. तो लहान, संशयी, होड्यांच्या सावलीत नाहीतर तिवरांच्या मुळांशी दबून बसलेला. मूठभर शिसं धबकन पाण्यात पडलं की तो थेट मालाडला जातो. शिवाय तळाशी प्लास्टिकच्या पिशव्यांचा थर, त्यात शिसं रुतलं की निघत नाही. तिथे लागतो शेंगदाण्याएवढ्या वजनाचा रबराचा खोटा मासा. तो अलगद होडीच्या कडेला टाकायचा आणि हळूहळू नाचवत आणायचा. ही नाजूक कामं सगळे जण लटकणाऱ्या रीलने करतात, कारण हलकं आमिष त्यातून सहज सुटतं. आणि लटकणाऱ्या रीलला लागते तर्जनी.

दुकानातल्या माणसाने माझं बोट बघितलं, विचारात पडला, आणि आतून एक डबी काढली. त्यात एक इवलंसं वर बसणारं रील होतं, तळहातात मावणारं, अंगठीच्या डबीसारखं दिसणारं. सोबत छडीसारखा लवचिक, हलका रॉड. "हे हलक्यासाठीच बनवलंय, काकू," तो म्हणाला. "पण हात बसायला वेळ लागतो."

मी म्हटलं, "दोऱ्याच्या कामात माझा हात धरणारं कुणी नव्हतं कारखान्यात."

त्याने बिचाऱ्याने मान डोलावली. बारीक दोरा किती भरायचा ते तो सांगत होता, पण मी ऐकत नव्हते. मला दोरा भरायला शिकवतो! घरी येऊन मी ते रील मांडीत घेतलं आणि फिरकीवर दोरा असा भरला, असा भरला, की काठाला काठ लागला. चापून, एकसारखा, चकचकीत. कारखान्यात शर्टांवर मजुरी असायची. बॉबिन अर्धवट भरली की ती लवकर संपणार, संपली की मशीन थांबवायचं, थांबलं की मजुरी गेली. म्हणून माझी बॉबिन कायम काठोकाठ. त्यातली मी राणी होते. ह्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून बघितलं, तोंड उघडलं आणि परत मिटलं. नवऱ्याने तोंड मिटलं की काहीतरी आहे हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पहिल्या दिवशी बांधावर मी झोकात उभी राहिले, अंगठा टेकवला, छडी मागे नेली आणि फेकली. रबराचा मासा पायापासून हातभर अंतरावर टपकला. आणि रीलमधून भसकन दोऱ्याचा एवढा मोठा पुंजका बाहेर आला.

वन्सं बाटलीचा तंगूस सोडून बघायला आल्या.

"काय गो हे? शिरवाळे केलंस?"

शिरवाळे म्हणजे आमच्याकडे तांदळाच्या उकडीच्या शेवया, नारळाच्या गोड रसात बुडवून खातात. तो पुंजका हुबेहूब तसाच दिसत होता.

"वन्सं, गुंता झालाय."

"गुंतो कसलो, चांगले मऊ झालेहत. नारळ फोडू काय रसाक?"

होतं असं, की जड शिसं फेकलं तर ते दोरा ओढत जातं आणि फिरकीला आपल्या वेगाने फिरवतं. हलकं आमिष ओढू शकत नाही. फेकण्याच्या हिसक्याने फिरकी मात्र भन्नाट सुटते. आमिष मागे, फिरकी पुढे, आणि मधला दोरा जाणार कुठे? रीलमध्येच उलटा गोळा होतो. रीलच्या बाजूला ब्रेकची एक चकती असते. ह्यांनी ती आवळली. मग गुंता होईना, पण आमिषही जाईना, नाकासमोर लोंबून पाण्यात पडायचं. चकती सैल केली की शिरवाळे. आवळली की नाकासमोर.

"जरा आवळा."

"आवळली की जात नाही म्हणतेस."

"मग सैल करा."

"सैल केली की मला शिव्या देतेस."

"शिव्या मी रीलला देते. तुम्ही मधे येता."

रोज संध्याकाळी आम्ही तिघं बांधावर. वन्सं शिंगाळे मासे काढायच्या, एक काढला की मला दाखवून पाटीत टाकायच्या. मी स्वेटर विणायच्या सुईने शिरवाळे सोडवत बसायचे. जाणारे-येणारे कोळी थांबून बघायचे आणि भलतेच सभ्यपणे काही न बोलता पुढे जायचे. ते मला वन्संच्या टोमण्यांपेक्षा जास्त लागायचं.

"रबराचो मासो कोण खाईत गो?" वन्सं म्हणायच्या. "मासो काय माझ्या भावासारखो खुळो आसा?"

भाऊ शेजारी स्टुलावर बसून चहा पीत असायचा. तो म्हणायचा, "ताई, मी इथेच आहे."

"दिसता माका."

जो गुंता सुटायचा नाही तो हे कात्रीने कापून टाकायचे. असं रोज थोडं थोडं कापत गेलो, आणि एका संध्याकाळी मला चमत्कार दिसला. मी फेकलं आणि रबराचा मासा गेला. सरळ, खाली खाली, दोन होड्यांच्या मधून, आणि टुपकन पाण्यात. गुंता नाही, काही नाही. परत फेकलं. परत गेला. वन्संनी पहिल्यांदाच टोमणा विसरून माझ्याकडे बघितलं.

"जमला गो तुका!"

मासा काही लागला नाही, पण मी हवेत होते. घरी येऊन बघते तर रीलमध्ये दोरा अर्धा पण उरलेला नव्हता. मला ते बघवेना. इतकं छान फेकायला लागले आणि फिरकी अशी उपाशी! रात्रीचं जेवण झाल्यावर मी बसून परत भरला. काठोकाठ.

दुसऱ्या दिवशी बांधावर पहिल्याच फेकीला शिरवाळे. आदल्या दिवशीपेक्षा मोठे.

मी रील आपटायच्या बेतात होते. ह्यांनी ते माझ्या हातातून घेतलं, फिरकीकडे बघितलं आणि म्हणाले, "परत भरलीस?"

"मग? अर्धी ठेवू?"

"अर्धीच ठेवायची गं. दोरा भरला की फिरकी जड होते. शेंगदाण्याएवढं आमिष ती जड फिरकी कशी फिरवणार? आणि काठाला आलेला दोरा उसळून बाहेर येणारच. तुला सांगणार होतो पहिल्याच दिवशी."

"मग सांगितलं का नाही?"

"तू माझं बॉबिनच्या बाबतीत कधी ऐकलंयस? कारखान्यातही सांगायचो, कोंबून भरू नका, दोरा अडकतो. रोज तुझंच मशीन बंद. सुपरवायझर मला ओरडायचा, परत परत तिथेच काय जातोस. आता बॉबिन अडकली तर जाणार नाहीतर काय करणार?"

मी छडी खाली ठेवली.

"थांबा. तुम्ही माझ्या मशीनपाशी सारखे यायचात ते..."

"बॉबिन काढायला."

"माझ्यासाठी नाही?"

त्यांनी चहाचा कप उगाचच हलवला. "सुरुवातीला नाही. नंतर नंतर, म्हणजे, तुझ्या बॉबिनचा कंटाळा येईना झाला."

वन्सं इतक्या हसल्या की त्यांच्या हातातली बाटली गडगडत गेली आणि पाण्यात पडता पडता राहिली. चाळीस वर्षांहून जास्त काळ ज्या प्रेमकथेवर मी लेकीला, नातीला, शेजारणींना उपदेश केले, ती मुळात तक्रार दुरुस्तीची कथा होती. अबोलीच्या गजऱ्याचा काही संबंध नव्हता. मला त्या बावीसच्या बयेची दया आली असती, पण हसू आधी आलं.

त्या संध्याकाळी ह्यांनी कात्रीने निम्म्याहून जास्त दोरा कापला, आणि मी डोळे मिटून घेतले. खरंच मिटले. मशीनपाशी बसून आयुष्य काढलेल्या बाईला अर्धी बॉबिन बघवत नाही.

पुढचं काम मात्र अंगठ्याचं होतं आणि ते माझं मला करावं लागलं. हिसका द्यायचा नाही. छडी आडवी, कमरेच्या उंचीवर धरायची, हलकेच मागे न्यायची, आणि तिचं टोक वाकलं की त्याच्याच जोरावर सोडून द्यायची, ताटलीतून भाकरी तव्यावर सरकवावी तशी. फिरकीवर अंगठा टेकवायचा नाही, नुसता तिच्यावरून फिरत ठेवायचा. पोळपाटावर पीठ किती राहिलंय ते बोटाला कळतं ना, तितपतच. आणि आमिष पाण्याला टेकायच्या आत दाबायचा.

गटारीच्या आदल्या शनिवारी लेक आली. ऑफिसमधून थेट. पांढरी पॅन्ट घालून. आषाढात खाडीवर पांढरी पॅन्ट घालून येणारी माझीच मुलगी, दुसऱ्या कुणाची असणार?

"मिळाला का?" तिने आल्या आल्या विचारलं.

"मिळेल."

"आज शनिवार आहे, आई. उद्या तुम्ही कोंबडी आणणार आणि परवा रॉड माझ्या गाडीत."

"बोल कमी. सावली पडतेय पाण्यात."

भरती चढत होती. पाऊस थांबला होता, पण ढग उतरून बसले होते. एका होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, बांधाकडे होती, तिचा दोर शेवाळ लागून हिरवा झालेला. मी तिच्या पोटाखालच्या काळोखात टाकायचं ठरवलं. पहिली फेक आखूड पडली. लेकीने घड्याळ बघितलं. दुसरी फेक वाऱ्याने तिवरात नेली, पण सुटून आली.

"आई, पाऊस येतोय."

"गप रव गो," वन्सं म्हणाल्या. "तुझी आई मासो धरताहा."

तिसरी गेली. खाली, लांब, होडीच्या पोटाखाली, आणि अंगठा मी वेळेवर दाबला. टुपकन. दोन वेटोळी गुंडाळली, थांबले, एक झटका दिला, आणि कुणीतरी तो रबराचा मासा माझ्या हातून हिसकावून घेतला. छडी पाण्याकडे झुकली. रील किरकिरलं.

"लागला! अहो, लागला!"

"ओढ! नाही, ओढू नको! दोरा बारीक आहे!" हे उभे राहिले आणि स्टूल पडलं.

मासा होडीच्या मागे गेला आणि दोरा हिरव्या दोराला अडकला. मी ओढलं तर तुटणार, सैल सोडलं तर सुटणार. तो दोर पायऱ्यांपासून हातभर अंतरावर होता. मी एक पाय खालच्या पायरीकडे टाकला. काही विचार करून नव्हे, पाय आपोआप गेला.

"तू थांब!" लेक ओरडली. "आई, खाली उतरलीस तर बघ!"

आणि ती स्वतः उतरली. ऑफिसच्या चपलांसकट. पायऱ्या शेवाळाने बुळबुळीत झालेल्या होत्या, तिने एका हाताने होडी धरली, दुसऱ्याने दोराला अडकलेला माझा बारीक दोरा उचलून सोडवला, आणि तेवढ्यात पाय गेला. ती बसली. पाण्यात नव्हे, पायरीच्या खालच्या चिखलात, कमरेपर्यंत, दोरा मात्र हातात उंच धरून.

"बाई गं!" ह्यांनी हाक मारली.

"पडलंस?" वन्सं वरून म्हणाल्या. "मगे बसान रव, हलू नको!"

"आई, सोडू नकोस! आहे अजून! हाताला लागतोय, ओढतोय मला!" लेक चिखलातून ओरडत होती. "गुंडाळ ना! काय बघत बसलीयस?"

मी गुंडाळलं. तिच्या नाकासमोरून तो वर आला, लालसर, पंख ताठ उभारलेली तांबोशी. ताटलीत मावेल पण वाटीत मावणार नाही एवढी. तिने तो दोन्ही हातांनी छातीशी धरला, आणि पांढऱ्या पॅन्टसोबत पांढरा शर्टही गेला.

मग ह्यांनी, पेपर वाचणाऱ्या माणसाच्या सावधपणाने, विचारलं, "मग, हा धरला कुणी म्हणायचा? अट तर स्वतः धरायची होती."

मी छडी हातात घट्ट धरून उभी राहिले. आता लेक जे म्हणेल ते. ती चिखलात बसून माशाकडे बघत होती. मासा तोंड उघडमिट करत होता. तिच्या केसांना चिखल लागला होता आणि एक चप्पल कुठेतरी चिखलात राहिली होती.

"आईने," ती शेवटी म्हणाली. "मी फक्त गुंता सोडवला."

वन्संनी तिला हात देऊन वर घेतलं. वर आल्यावर तिने आधी मासा बादलीत ठेवला, मग स्वतःकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

"ह्या पायऱ्या उतरायच्या नाहीत," ती म्हणाली. "कळलं?"

"मी कुठे उतरले? मी कोरडी आहे."

"आई."

"बरं."

पाऊस सुरू झाला. ह्यांनी तिच्या डोक्यावर छत्री धरली, तिने ती माझ्याकडे सरकवली. मग तिने विचारलं, "श्रावण लागला की महिनाभर तुम्ही खात नाही ना मासे? मग इथे येऊन करणार काय?"

"धरायचे आणि सोडायचे."

"म्हणजे महिनाभर येणारच?"

"खायचं नाही असं आहे. धरायचं नाही असं कुणी सांगितलंय?"

तिने बापाकडे बघितलं. बाप होडीच्या दोराकडे बघत होता. तिने बादलीतल्या तांबोशीकडे बघितलं, ओल्या पायातली उरलेली चप्पल काढून हातात घेतली आणि म्हणाली, "मग एक मोठी छत्री घ्या. ही तुम्हा तिघांना पुरणार नाही."